टेस्टरच्या घरचे रावसाहेब

उत्तरेश्वर टेस्टरनं स्वतःच्या सासूचं दूध परत केलं होतं, एवढं सांगितलं तरी माणूस कळतो. म्हातारी दिवाळीला लेकीकडं आली, दारातली म्हैस तिनंच हौसेनं पिळली, आणि जावयाच्या संस्थेत चरवी घेऊन जाताना वाटेतल्या हापशावर कुणी नाही असं बघून तिनं जे करायचं ते केलं. जावयानं दूध काचेच्या नळीत ओतलं, त्यात काटा सोडला, चष्म्याच्या वरून बघितलं आणि म्हणाला, "उद्या बघू." उद्या बघू म्हणजे आजचं दूध घरी न्या, हे सगळ्या गावाला पाठ होतं. सासू पुढं दोन वर्षं लेकीच्या दारात आली नाही. उत्तरेश्वरला त्याचं फार वाईट वाटलं, असं काही कुणाच्या बघण्यात नाही.

गाव केजपासून दोन कोसांवर, आणि गावानं मिरवावी अशी एकच गोष्ट म्हणजे दूध उत्पादकांची सहकारी संस्था. तिथं उत्तरेश्वर बावीस वर्षं दूध तपासत होता, दूध गार करायचं मशीन चालवत होता, आणि ते रुसलं की त्याची समजूतही तोच काढत होता. दूध तपासायच्या काट्याला लॅक्टोमीटर म्हणतात, पण एवढं लांबलचक नाव घ्यायला सवड कुणाला? गाव विचारायचं, डिगरी किती आली. अठ्ठावीसच्या वर आली तर दूध, खाली घसरली तर पाणी. आता पाणी घालून वर चिमूटभर मीठ टाकलं की घसरलेली डिगरी पुन्हा चढते, ही विद्याही घरोघर होती. त्यावर उत्तरेश्वरचा इलाज साधा होता. कॅन तळापासून ढवळायचा, तळातलं दूध काढायचं, बोट बुडवून जिभेला लावायचं. "नमुना तळातून घ्यावा" असं त्यानं संस्थेच्या भिंतीवर ऑइलपेंटनं लिहूनच ठेवलं होतं.

सगळ्यांत जास्त वेळा "उद्या बघू" ऐकलेला माणूस म्हणजे बंकट. बंकटला दोन म्हशी अन एक हापसा हाय, असं उत्तरेश्वर म्हणायचा. दुसरा कुणी म्हणाला असता तर बंकटही हसला असता. पण हा माणूस हसत हसत म्हणायचा नाही, एखाद्यानं सातबारा वाचावा तसं म्हणायचा, आणि तेच बंकटला झोंबायचं.

आता असल्या माणसाच्या घरात समुद्रातला विषारी मासा कसा आला, ते ऐका.

मशीनचा एक भाग आणायला संस्थेनं त्याला पुण्याला धाडलं. तिथं त्याच्या बहिणीचा मुलगा सुग्रीव शोभेच्या माशांच्या दुकानात नोकरीला होता. भाच्याला भेटायला हा गेला, तर दुकानातलं पाणी गार ठेवायचं मशीन बंद पडलेलं, मालक डोक्याला हात लावून बसलेला, आणि मेकॅनिक फोनवर परवा येतो म्हणून सांगत होता. उत्तरेश्वरनं पिशवीतून पाना काढला. तासाभरात मशीन घरघरायला लागलं. मालकानं विचारलं, मामा, काय देऊ तुम्हाला? तोवर मामा एका काचेपुढं जाऊन उभे राहिले होते आणि तिथून हलायला तयार नव्हते.

काचेमागं एक मासा होता. वीतभरसुद्धा नाही. तांबूस अंग, त्यावर पांढरे पट्टे, आणि पंख असे पसरलेले की वरबाप फेट्याचा तुरा सोडून मांडवाच्या तोंडाशी उभा आहे. काही करत नव्हता. पाण्यात नुसता टांगल्यासारखा उभा होता. उत्तरेश्वरनं बावीस वर्षं एकच पांढरा रंग बघितला होता, तोही खरा का खोटा एवढंच ठरवायला. हे रूप त्याला सोसलं नाही. ह्यो द्या, म्हणाला.

मालकानं परोपरीनं समजावलं. याला लायनफिश म्हणतात, म्हणजे माशांतला सिंह. हा लहान जातीतला, पण पाठीवरच्या काट्यांत विष आहे. जीव सहसा जात नाही, पण टोचला तर चांगला बाप्या माणूस आईला हाका मारतो. टोचलाच तर सोसवेल तेवढ्या कडक पाण्यात हात बुडवून बसायचं आणि मग डॉक्टर गाठायचा. पाणी समुद्रासारखं खारट पाहिजे, वर गार पाहिजे. तांब्या-पितळेचा पाण्याला स्पर्शही नको. समोर हलेल ते खातो, म्हणून सोबतीला दुसरा मासा नको. उत्तरेश्वरनं सगळं वहीत उतरवून घेतलं. शेवटी मालकानं पाण्याचा खारटपणा मोजायचा काटा दाखवला, आणि उत्तरेश्वर गालातल्या गालात हसला. तो त्याच्याच काट्याचा सख्खा भाऊ होता. समुद्राची डिगरी पंचवीस. म्हणजे घरच्या लॅक्टोमीटरवर भागत होतं.

मासा पाण्याच्या पिशवीत, पिशवी दुधाच्या कॅनमध्ये आणि कॅनभोवती ओलं पोतं, असा सिंह एसटीनं निघाला. कंडक्टरनं विचारलं, कॅनमध्ये काय? उत्तरेश्वर म्हणाला, दूध. बावीस वर्षं दुसऱ्याचं खोटं पकडणाऱ्या माणसाचं हे आयुष्यातलं पहिलं खोटं, आणि ते त्याला नगरपासून केजपर्यंत टोचत राहिलं.

घरी त्याची बायको सरस्वतीबाई कॅनमध्ये डोकावून बघत राहिली. मग म्हणाली, "खायाचा न्हाई, इकायचा न्हाई, हात लावायचा न्हाई. मग आणला कावून?"

उत्तरेश्वर टाकी बसवायला लागला. मागच्या खोलीत सव्वाशे लिटरची काचेची टाकी, संस्थेच्या भंगारातून रीतसर पावती करून घेतलेलं गार करायचं जुनं मशीन, त्याची स्टीलची नळी, हवेचा पंप. पुण्याहून समुद्री मिठाची पोती एसटी पार्सलनं यायला लागली. माशाचं नाव सरस्वतीबाईनंच ठेवलं, रावसाहेब. काम काही नाही, समोर आलं ते गिळायचं, आणि घरातल्या सगळ्यांनी जपून वागायचं, मग दुसरं काय म्हणायचं, असं तिचं म्हणणं. रावसाहेब मेलेलं खाईनात. मांजरा धरणावरून जिवंत झिंगे आणावे लागत. आठवड्याला काढलेलं जुनं खारं पाणी परसात फेकलं, तर तिचा कढीपत्ता वाळून गेला. त्या कढीपत्त्याचा विषय त्या घरात अजून निघतो.

गावाला मासा दाखवायचा होता. पुढच्या महिन्यात दाखवू, पाणी जरा निवळू दे, म्हणता म्हणता दुष्काळ पडला, आणि मग दाखवायची सोयच राहिली नाही.

पाऊस आदल्या वर्षी नावाला झाला होता, त्या वर्षी नावालाही झाला नाही. मांजरा धरणाचा तळ उघडा पडला. निम्मी जनावरं चारा छावणीला गेली, हापसे कोरडे खडखडायला लागले, टँकर चार दिवसांनी आणि मग आठ दिवसांनी यायला लागला. झिंगे संपले. सरस्वतीबाईनं बाजारातले सोडे, म्हणजे सुके झिंगे, आणून भिजवले, झाडूच्या काडीला तुकडा टोचून तो काचेपुढं नाचवला. तीन दिवस रावसाहेबांनी ढुंकून बघितलं नाही. चौथ्या दिवशी गपकन गिळलं. त्या दिवशी ती शेजारणीला उगीचच साखर देऊन आली.

खाण्याचं भागलं, पाण्याचं काय? चैत्राच्या उन्हात टाकीतून रोज तीन-चार लिटर पाणी उडून जायचं आणि डिगरी पंचवीसची सत्तावीस व्हायची. शिवाय आठवड्याला पाणी बदलायचं ते वेगळंच. टँकरचा थेंब रावसाहेबाला द्यायचा नाही, ही शपथ बायकोनं घालायच्या आधीच उत्तरेश्वरनं घेतली होती. मग त्याला संस्थेतला घाम आठवला. दूध गार करायच्या मशीनचे लोखंडी पाइप घामेजतात, दिवसभर टपटप गळतात, आणि ते पाणी वर्षानुवर्षं गटारीत जात होतं. त्यानं पाइपाखाली बादली लावली. पाणी काचेसारखं स्वच्छ. संस्थेला मात्र विचारलं नाही. विचारायचं म्हणजे कशाला ते सांगायचं, आणि ते सांगायला त्याची जीभ उचलेना. विधवा भिवराबाईचं दूध त्यानं तांब्याभर पाण्यासाठी परत केलं होतं, तेही याच दुष्काळात. आता तिला काय सांगणार, की मी गोड्या पाण्यात मीठ कालवतो, मासा उभा राहावा म्हणून? तरी त्याला मासा सोडवत नव्हता.

लोकांचे डोळे काही छावणीला गेले नव्हते. टेस्टर रोज झाकलेला कॅन संस्थेतून घरी नेतो. टेस्टरच्या नावानं पांढरी पोती येतात. गाव बघत होतं आणि बेरीज करत होतं.

एका दुपारी बंकट परत आलेल्या दुधाचं भांडण घेऊन उत्तरेश्वरच्या घरी गेला. दार आतून लावलेलं. हा मागं गेला आणि खिडकीतून डोकावला. टाकी खिडकीच्या खालीच भिंतीला लागून होती, त्यामुळं ती काही त्याला दिसली नाही. दिसलं ते एवढंच, की उत्तरेश्वर उकिडवा बसलाय, पुढं पाण्याची बादली, पोत्यातून वाटीनं पांढरी भुकटी घेतोय, पाण्यात ढवळतोय, वर लॅक्टोमीटर सोडतोय. मग त्यानं बोट बुडवून जिभेला लावलं आणि समाधानानं मान हलवली. बंकटला एवढा आनंद स्वतःच्या लग्नातही झाला नव्हता. पाणी, मीठ आणि डिगरी. यातून काय बनतं ते त्याच्याइतकं चांगलं कोण ओळखणार!

दुसऱ्या दिवशी संस्थेत सगळे सभासद गोळा झाले. चेअरमन बद्रीनाथ आप्पा खुर्चीत बसले. बंकटनं सगळं सांगितलं, वर थोडं पदरचंही घातलं. आमचं दूध परत करायचं आणि ह्यानं घरी खारं पाणी तयार करून संस्थेच्या कॅनात भर घालायची, असा सगळा हिशेब त्यानं मांडला. बावीस वर्षांचे सगळे "उद्या बघू" त्या खोलीत जमा झाले होते. आप्पांनी विचारलं, कॅन नेतोस का? नेतो. मीठ कालवतोस का? कालवतो. डिगरी बघतोस का? बघतो. कशाला म्हणून विचारलं, तेव्हा मात्र उत्तरेश्वर भिंतीवरच्या स्वतःच्याच अक्षराकडं बघत राहिला. नोकरी जाईल याची भीती होतीच. पण उत्तरेश्वर भेसळ करतो हे वाक्य गावात एकदा फिरलं की मेल्यावरही पुसलं जाणार नाही, याची भीती मोठी होती. शेवटी तो म्हणाला, घरी चला.

वरात निघाली. बंकटच्या हातात नमुन्याची बाटली, सील करायची लाख आणि मेणबत्ती. सरस्वतीबाईनं दार उघडलं, एवढी माणसं बघून डोक्यावर पदर घेतला आणि मागच्या खोलीकडं बोट केलं.

रावसाहेबांना पाहुण्यांची सवय नव्हती. त्यांनी सगळा तुरा फुलवला. आप्पा पुढं वाकले. हा काय कामकाज करतो, असं त्यांनी हळूच विचारलं. काही न्हाई आप्पा, उभा राहतो, असं उत्तरेश्वर म्हणाला. आप्पांनी आदरानं मान हलवली.

पण बंकटला मासा मान्य नव्हता. मासा दाखवायला ठेवलाय, खरा माल पाणी आहे, असं त्याचं म्हणणं पडलं. त्यानं लॅक्टोमीटर सोडला. पंचवीस. बघा, म्हणाला, आणि बाटली घेऊन बाही वर सरकवली. नमुना कसा घ्यायचा ते बावीस वर्षं त्याला भिंतीनं शिकवलं होतं. आधी ढवळायचं, मग तळातून घ्यायचं.

"बंकट, हात घालू नको," उत्तरेश्वर म्हणाला.

चोर हात घालू नको म्हणतो तेव्हा माल तिथंच असतो, हे बंकटला कुणी सांगायला नको होतं. त्यानं कोपरापर्यंत हात घातला आणि टाकी तळातून ढवळली. रावसाहेब कोपऱ्यात सरले, डोकं खाली केलं आणि पाठीचे काटे पुढं धरले. पुढं काय झालं ते बंकट आजही सांगत नाही. पण त्यानं आईला मारलेली हाक आप्पांनी ऐकली, आणि बंकटची आई जाऊन बारा वर्षं झाली होती.

सगळे धावाधाव करत होते तेव्हा सरस्वतीबाईनं चूल पेटवली. टँकरला तीन दिवस बाकी होते. रांजणाच्या तळाशी होतं ते सगळं पाणी तिनं पातेल्यात ओतलं. उत्तरेश्वरनं दुधाचा थर्मामीटर आणला, पंचेचाळीसच्या वर जाऊ दिलं नाही, आणि बंकटचं मनगट धरून हात पाण्यात दाबून बसला. पाणी निवलं की ती पुन्हा तापवायची. तासभर तो हात त्यानं सोडला नाही. बंकट रडत होता, शिव्या देत होता, आणि मधेच विचारत होता, मरतो का मी? उत्तरेश्वर त्याला सांगत होता की मरत न्हाईस बे, पुण्याच्या माणसाचं वहीत लिहून घेतलंय. बाकीचे टाकीपुढं रांग लावून बघत होते. आप्पांचं लक्ष मात्र दोनदा रिकाम्या रांजणाकडं गेलं. कळ जरा उतरल्यावर बंकटला जीपमध्ये घालून केजला डॉक्टरकडं नेलं. डॉक्टरनं इंजेक्शन दिलं, हात बांधला आणि सूज उतरेपर्यंत तो वर धरून ठेवायला सांगितलं.

भेसळीचा आरोप त्या दिवशीच मेला. पण दुसरी गोष्ट उरली होती आणि ती खरी होती. संस्थेचं पाणी, घामाचं का होईना, टेस्टरनं न विचारता नेलं होतं. तिसऱ्या दिवशी पुन्हा सभा बसली. उत्तरेश्वर उभा राहिला आणि म्हणाला की नेलं, विचारलं न्हाई, लाज वाटली म्हणून विचारलं न्हाई, काढायचं असंल तर काढा. एवढं बोलून तो खाली बसला.

आप्पा म्हणाले, ठेवायचा म्हणणाऱ्यांनी हात वर करा. सगळ्यांत आधी भिवराबाईचा हात वर गेला. मग एकेक करत गेले. आप्पांनी मोजले, चुकले, पुन्हा मोजले. चाळीस माणसांत एकोणीस हात आधीच झाले होते, विसावा आश्रुबाचा, आणि आश्रुबा ऐकू येत नाही म्हणून सवयीनं वर करतो हे सगळ्यांना माहीत होतं. वीस. निम्म्याच्या वर जायला एक कमी पडत होता.

तेवढ्यात आप्पांची नजर मागच्या बाकावर गेली. तिथं बंकट बसला होता, आणि पांढऱ्या पट्टीत गुंडाळलेला, कोहळ्यासारखा सुजलेला त्याचा हात डॉक्टरच्या हुकमानं सभा सुरू झाल्यापासून वरच होता. सभा हसायला लागली. आप्पांनी हसू दाबून विचारलं, "बंकट, त्यो हात मोजायचा का सोडायचा?"

बंकटनं हाताकडं बघितलं, मग उत्तरेश्वरकडं.

"मोजा," बंकट म्हणाला.

पाइपाचा घाम रावसाहेबाला द्यायचा, तसा ठरावही त्याच सभेत झाला. गावात तो विषय दोन दिवस पुरला. उत्तरेश्वर आता मऊ पडेल, निदान बंकटशी तरी, असं सगळ्यांना वाटलं. सभेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बंकट डाव्या हातानं चरवी घेऊन आला. उत्तरेश्वरनं दूध नळीत ओतलं, काटा सोडला, चष्म्याच्या वरून बघितलं. डिगरी चोवीस.

"उद्या बघू," तो म्हणाला.

रांगेतली माणसं बंकटच्या तोंडाकडं बघायला लागली. बंकटनं चरवी उचलली आणि तो गेला.

उद्या त्याच्या दुधाची डिगरी तीस आली. त्याच संध्याकाळी तो उत्तरेश्वरच्या घरी आला. डाव्या हातात पितळी तांब्या, काठोकाठ भरलेला, आणि एवढ्या वाटेत थेंब सांडला नव्हता. टाकीपुढं दोन हात लांब उभा राहिला आणि रावसाहेबांना बराच वेळ बघत राहिला. मग तांब्या उत्तरेश्वरच्या हातात दिला आणि जमिनीकडं बघत म्हणाला, "रोजच्या दुधातलं हाय. आज घातलं न्हाई, उरलं. चालंल का ह्याला?"

पितळेच्या तांब्यातलं, वर टँकरचं पाणी. रावसाहेबांना त्यातलं काहीच चालणार नव्हतं. उत्तरेश्वरनं तांब्या दोन्ही हातांनी धरला.

"चालंल की," तो म्हणाला.

हे त्याचं दुसरं खोटं. बंकट खुशीत गेला. तो वळणाआड गेल्यावर उत्तरेश्वरनं तांब्या बायकोकडं दिला, आणि सरस्वतीबाईनं ते पाणी रांजणात ओतलं.